दुकानाच्या पत्त्यावर

४ फेब्रुवारी

वहिनी,

तीनदा फोन केला. तीनदा तुम्ही माझा आवाज ऐकला आणि रिसीव्हर आपटलात. पुन्हा अपमान करून घ्यायची हौस नाही, म्हणून हे पत्र.

बातमी आनंदाची आहे, निदान शहाण्या माणसाला वाटावी अशी. मंत्रिमंडळाने आपलं कॉफीघर राष्ट्रीय स्मारक करायचं ठरवलंय. प्रस्ताव माझा. खात्यात कुणाकुणाचे पाय धरले ते माझं मला ठाऊक. टिपणही मीच लिहिलं. कॉफी आपल्याकडे आली तेव्हा लोक ती औषध म्हणून प्यायचे. मग गुत्त्यात झिंगून पडणारे कॉफीच्या दुकानात येऊन जागे राहायला लागले. जागा माणूस बोलतो, बोलता बोलता प्रश्न विचारतो, आणि प्रश्न विचारणारा कुठल्याच राज्यकर्त्याला नको असतो. एका राजवटीने कॉफीवर कर लावला. दुसरीने दुकानांतल्या खुर्च्या काढायला लावल्या, की उभ्याने प्या आणि चालते व्हा. तिसरीने खबरे बसवले, आणि ती आपल्या दुकानात ठरलेल्या संपाने पडली. हे सगळं आता संगमरवरात कोरलं जाईल. दादाचं नाव सगळ्यांत वर.

तर महिनाअखेरीस दुकान खात्याच्या ताब्यात द्यायचं. टेबलांभोवती दोर लागेल, कपबशा काचेच्या कपाटात जातील. मागच्या गल्लीतलं घर तुमचंच राहील, वर मानधन मिळेल.

आणखी एक. सध्या तिथे जी रिकामटेकडी फौज बसते ती स्मारकाला शोभणारी नाही. मास्तर एका कपावर सकाळपासून दुपारपर्यंत खुर्ची अडवतात. तो शिंपी, ज्याला स्वतःची मुलं सांभाळता आली नाहीत, तो आम्हाला देश कसा सांभाळायचा ते शिकवतो. आणि त्यांच्या मधोमध आपली चिंगी उभी राहून, वर्तमानपत्र वाचून झालं की, आमच्या सरकारने दिलेलं एकेक आश्वासन रोज मोठ्याने वाचते, तारखेसकट. लोक हसतात म्हणे. निवडणूक पुढे ढकलली ती देशाच्या भल्यासाठी, हे तिला कळायचं वय झालंय. दादाची मुलगी म्हणून आजवर सगळ्यांनी कानाडोळा केला. तिला आवरा.

आपला,
धाकटा दीर


८ फेब्रुवारी

भाऊजी,

नमस्कार-चमत्कार राहू देत. पत्र पोचलं. मला एकटीला नाही, सगळ्यांना पोचलं.

पाकिटावर पत्ता दुकानाचा घातलात. इतके मोठे झालात की ज्या दुकानात वाढलात त्याचा रिवाज विसरलात? बाहेरगावहून आलेल्या हमालांना, गवंड्यांना राहायचा धड पत्ता नसायचा, तेव्हा मामंजींनी सांगितलं, पत्रं माझ्या दुकानावर मागवा. वाचता येणारे दोन-चारच. मग एकाचं पत्र सगळे ऐकायचे. तेव्हापासून दुकानाच्या पत्त्यावर आलेलं पत्र दुकानातच वाचायचं, मोठ्याने, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. ऐकणाऱ्याने ‘थांब’ म्हटलं की वाचणाऱ्याने थांबायचं आणि समजावून सांगायचं. तुम्हीच नाही का ग्राइंडरशेजारी उभे राहून वर्षानुवर्षं वाचलंत? भोंगा म्हणायचे तुम्हाला. त्या भोंग्यावरच तर सचिवालयात जाऊन बसलात.

तेव्हा चिंगीने पाकीट फोडलं आणि वाचलं. ‘रिकामटेकडी फौज’ आली तशी मास्तर म्हणाले, थांब. ती म्हणाली, “म्हणजे तुम्ही, मास्तर.” मास्तर म्हणाले, “बरं, पुढे.” हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

शिंप्याच्या वाक्यापाशी मात्र कुणी हसलं नाही. त्याचा थोरला त्याच संपात गोळी लागून गेला, ज्याचा तुम्ही संगमरवर करायला निघालात. लिहिताना आठवलं नसेल. शिंपी कप तसाच ठेवून घरी गेला.

तुमच्या खात्याची माणसं मागे टेप घेऊन आली होती. खिडकीजवळच्या टेबलाला पाटी चिकटवून गेली, ‘इथे ऐतिहासिक संप ठरला’. अहो, ते टेबल खबऱ्यांचं! उजेड तिथे पडतो, म्हणून हे त्यांना मुद्दाम तिथे बसवायचे, तोंडं नीट दिसावीत म्हणून. एक खबऱ्या तर इतका रुळला की वादात पडायला लागला आणि मास्तरांनी त्याला गप्प बस म्हणून दटावलं होतं. संप ठरला मागे मोरीपाशी, नळ मोठा सोडून, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. तुम्ही तिथेच तर होतात. आता संगमरवर लावायचाच तर मोरीला लावा, घासायला तरी बरा पडेल.

दुकान मी देणार नाही. दोर लावलेल्या टेबलाशी बसून कोण बोलणार? मागच्यांनी खुर्च्या काढल्या, तुम्ही माणसं काढायला निघालात, आणि वर आम्ही तुमचे आभार मानायचे!

वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी,

हे घरच्या पत्त्यावर पाठवतोय आणि वर ठळक ‘खाजगी’ लिहिलंय. निदान आता तरी लाज बाळगा.

तुम्ही मला चव्हाट्यावर नागवं केलंत. पाकिटावरचा पत्ता कारकुनाने घातला होता, पण ते तुम्हाला सांगून काय उपयोग! शिंप्याबद्दलचं ते वाक्य मी लिहायला नको होतं. पण ते मी तुम्हाला लिहिलं होतं, त्याला नाही. ते त्याच्या कानात तुम्ही ओतलंत. रिवाजाच्या नावाखाली एका म्हाताऱ्याचं काळीज कापलंत, आणि वर मलाच विचारता, आठवलं नसेल?

घरात आलात त्या दिवसापासून तुम्ही मला पाण्यात पाहत आलात. मी शिकलो ते खुपलं, खुर्ची मिळाली ते त्याहून खुपलं. दुकान, दुकान, दुकान! दादा तुरुंगातून सुटून आला तेव्हा त्याच्यात काय उरलं होतं? त्याला कुठेतरी हवेशीर जागी हलवा म्हणून मी तुमच्या हातापाया पडलो. तुम्ही म्हणालात, दुकान बंद दिसलं तर लोकांचा धीर सुटेल. लोकांचा धीर टिकला. दादा नाही टिकला. हे आजवर बोललो नव्हतो. आज बोलतो, तुमच्या हट्टापायी माझा भाऊ गेला.

आता नीट ऐका. दुकान गोडीगुलाबीने दिलंत तर मानाने मिळेल ते मिळेल. नाहीतर ते बंद करायचे दुसरेही मार्ग खात्यांकडे असतात आणि ते कसे वापरायचे ते मला ठाऊक आहे.

दीर


१६ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचा दुसरा मार्ग बघितला. आरोग्य खात्याचे तिघे आले, धुराड्यात नाक घालून आले आणि भट्टीला सील ठोकून गेले. धूर म्हणे लोकांच्या फुप्फुसांना वाईट. ही भट्टी मामंजींच्या काळापासून धूर ओकतेय आणि तिच्या धुरात वाढलेली तुमची फुप्फुसं अख्ख्या चौकाला ऐकू जायची.

हरकत नाही. बिया घरी तव्यावर भाजते आणि दळून डब्यातून आणते. अर्ध्या करपतात. कॉफी इतकी भिकार होते की लोक तोंड वाकडं करतात आणि दुसरा कप मागतात, निव्वळ तुमच्या नाकावर टिच्चून. आधी कधी नव्हती एवढी गर्दी आहे. येत्या शनिवारी निवडणुकीसाठी मोर्चा काढायचं ठरतंय. सांगून टाकते, तुमच्या माणसांनी तुम्हाला सांगितलंच असेल.

आता ह्यांच्याबद्दल. ह्यांना हलवा असं तुम्ही म्हणालात, खरं आहे. मी नको म्हटलं, तेही खरं. पण मला तसं म्हणायला ह्यांनीच सांगितलं होतं. तुम्हाला तोंडावर नाही म्हणणं ह्यांच्या जिवावर यायचं, लाडके ना तुम्ही! वाईटपणा माझ्या पदरात टाकला आणि मी तो घेतला.

आणि कोठडीत ह्यांच्या तळपायांवर मारलं, ते काय विचारत होते ठाऊक आहे? संप कुणी ठरवला ते नाही, ते त्यांना कळलेलंच होतं. विचारत होते, भोंगा कोण? ज्याच्या आवाजावर लोक रस्त्यावर आले तो भोंगा कोण, तेवढं सांग आणि घरी जा. खबऱ्यांसमोर तुम्हाला त्या नावाने कुणी हाक मारत नसे. ह्यांनी नाही सांगितलं. पुढे ह्यांना उभं राहवत नव्हतं, स्टुलावर बसून कप धुवायचे. हे तुम्हाला कधी कळू द्यायचं नाही असं मला बजावून गेले. आज कळवलं.

लागलं का? लागावं म्हणूनच लिहिलं.

वहिनी


१९ फेब्रुवारी, बुधवार

वहिनी,

भांडण नंतर. हे ड्रायव्हरच्या हाती घरी पाठवतोय. वाचा आणि जाळा.

शुक्रवारी सकाळी, वाचनाच्या वेळी, दुकानावर धाड आहे. मोर्चाची सगळी मंडळी एका जागी सापडतील म्हणून तीच वेळ धरलीय. पुढून आणि मागच्या गल्लीतूनही येतील. ज्यांना नेतील त्यांना लवकर सोडणार नाहीत.

दुकान स्मारक म्हणून आधीच बंद झालं असतं तर ही वेळ आली नसती. मी घाई करत होतो ती त्यासाठी. तुम्हाला ती माझी मिरवायची हौस वाटली. थोडी होतीही. पण हे वरच्यांच्या डोक्यात कधीपासून शिजतंय ते मी बघत होतो.

चिंगीला आजच तिच्या मावशीकडे धाडा. काहीही सांगा, मावशी आजारी आहे म्हणा, पण तिला तिथून हलवा. ती तेवढी वाचली पाहिजे. बाकीच्यांचं मी पाहू शकत नाही. त्यांना कळलं तर ते येणार नाहीत, ते आले नाहीत तर कुणी फोडलं हे विचारलं जाईल, आणि फोडू शकणारा एकटा मीच आहे. तेव्हा शुक्रवारी दुकान नेहमीसारखं भरलेलं दिसलं पाहिजे. तुम्हाला कुणी हात लावणार नाही, तेवढं मी बघितलंय.

दादाबद्दल लिहिलंत त्यावर मी काही लिहीत नाही.


२४ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचा ड्रायव्हर दारात उभा आहे. तुम्ही विचारलंय, चिंगी कुठे आहे. कोठडीत आहे. कशी गेली ते सांगते, म्हणजे मला शिव्या तरी नीट घालता येतील.

बुधवारी दिवसभर तुमचं पत्र एप्रनच्या खिशात घेऊन दुकानात वावरले. एकेकाला कप देत होते आणि त्याचं तोंड बघत होते. ह्याला नेतील. ह्यालाही नेतील. मास्तरांना तर दुकानाची पायरी चढवत नाही, त्यांना व्हॅनमध्ये कसं चढवतील? आणि माझी मुलगी तेवढी मावशीकडे गादीवर बसून राहणार. भाऊजी, ही माणसं काही परकी नाहीत तुम्हाला. मास्तरांनी तुमचा हात धरून तुम्हाला अक्षर गिरवायला लावलं. ‘बाकीच्यांचं मी पाहू शकत नाही’ हे लिहिताना तोच हात कसा चालला तुमचा?

गुरुवारी वर्तमानपत्र वाचून झालं आणि मी पत्र चिंगीच्या हातात दिलं. तिला आधी सांगितलं नव्हतं. घरी आलेलं पत्र रिवाजात बसत नाही, हे मला शिकवू नका. जाणूनबुजून मोडला मी रिवाज.

ती वाचायला लागली. धाडीचं वाचलं तशी खुर्च्या सरकल्या. मग स्वतःच्या नावापाशी आली. मला वाटलं, अडखळेल. नाही अडखळली. “ती तेवढी वाचली पाहिजे. बाकीच्यांचं मी पाहू शकत नाही.” एका सुरात वाचलं. कुणीही थांब म्हटलं नाही, समजावण्यासारखं काही नव्हतंच त्यात. शेवटपर्यंत वाचून तिने घडी घातली आणि मला परत दिलं. मी सगळ्यांदेखत काडी लावली. तेवढं तुमचं ऐकलं.

शुक्रवारी कुणी आलं नाही. ती आली. मी किती विनवलं, अंगावर ओरडले, एक थोबाडीतही दिली. म्हणाली, “आई, तू सगळ्यांना वाचवलंस. मला विचारलं होतंस का? आता मी काय करायचं ते मी ठरवणार.” दुकान बंद दिसलं तर घाबरून बंद केलं म्हणतील, म्हणाली. ग्राइंडरशेजारी उभी राहून रिकाम्या खुर्च्यांना वाचून दाखवत होती, तेव्हा ते आले. तिला दोघांनी धरलं. मला खरोखरच कुणी हात लावला नाही. तुमची कृपा.

शनिवारी मोर्चा निघाला. शिंपी सगळ्यांत पुढे होता. आज वर्तमानपत्रात आलंय की धाड वगैरे काही नव्हतीच, स्मारकाची पाहणी करायला पथक गेलं होतं, आणि एका तरुणीने धाडीची खोटी अफवा पसरवून लोकांना भडकवलं. तुमचं स्मारक कामाला आलं बघा. अफवेचा खटला भरतायत तिच्यावर.

वहिनी


२७ फेब्रुवारी

वहिनी,

गाडी गेली, ड्रायव्हर गेला, खुर्चीही गेली. मला निलंबित केलंय. हे पत्र तुमची धाकटी जाऊ घेऊन येतेय. तिला उंबऱ्यात उभं ठेवून टोमणे मारू नका, तिचा यात काही दोष नाही.

मी जन्मात एकदा तुमच्यावर विश्वास टाकला. एक गोष्ट मागितली, मुलीला हलवा. तीही तुमच्याच मुलीला! एवढं तुमच्याच्याने झालं नाही. तुम्हाला सगळ्या जगाची आई व्हायचं होतं. झालात. आता आपली मुलगी कोठडीत बघा.

तुमच्या शूरवीरांपैकी कुणीतरी बढाई मारली की आम्हाला थेट सचिवालयातून खबर होती. माझं नाव घेतलं नाही, पण माझ्या आडनावाचं कॉफीघर आणि माझ्या टेबलावरची फाइल, एवढं त्यांना पुरे आहे. पुढच्या मंगळवारी चौकशी आहे. विचारतील, तुम्ही कळवलंत का? पत्र जळलंय. मी नाही म्हटलं की विषय मिटला. फार तर बदली होईल.

तुम्ही काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. मी हो म्हटलं तर धाड खरी ठरते, आणि धाड खरी ठरली की अफवा उरत नाही. चिंगी सुटेल. आणि मी आत जाईन. गुपित फोडल्याबद्दल किती वर्षं असतात ते मी स्वतः त्या कायद्याच्या मसुद्यात घातलंय. माझी मुलं अजून शाळेत आहेत. चिंगीला वर्षभर आत काढावं लागेल, पण ती तरुण आहे, निभावेल. मला चुकीचं समजा, समजायचं तर.

दीर


१ मार्च

भाऊजी,

धाकटीला आत बसवलं, कॉफी दिली. ती रडली. मी टोमणा मारला नाही.

मी तुमच्या पाया पडणार नाही. हे वाचून तुम्हाला बरं वाटेल की वाईट, देव जाणे. काल चिंगीला भेटायला गेले. तिला ताप आहे. घसा बसलाय, कुजबुजल्यासारखं बोलते. तरी मला म्हणाली, काकाला काही सांगू नकोस, त्याचं त्याला ठरवू दे. मी म्हटलं, मी नाही सांगणार. घरी आले आणि हे लिहायला बसले. आई आहे मी, दिलेला शब्द मोडला तर मोडला.

मुलं शाळेत आहेत म्हणता. चिंगी शाळेत होती तेव्हा ह्यांना नेलं होतं. मुलं मोठी होतात, भाऊजी. आणि मग विचारतात.

मंगळवारी खरं बोला. त्यापलीकडे माझं तुमच्याशी काही काम नाही.

वहिनी


५ मार्च

वहिनी,

हो म्हणालो.

तिघे होते. त्यातला एक संपाच्या वेळी आपल्या दुकानात माझं वाचन ऐकायला बसायचा. तोच विचारत होता. पत्र तुमचं का? माझं. त्यात धाड असा शब्द होता का? होता, कारण ती धाडच होती, पाहणीचा कागद नंतर तयार झाला. कुणाला वाचवायला लिहिलंत? पुतणीला. आणि बाकीच्यांना? म्हटलं, नाही, बाकीच्यांना नाही. त्याने डोळे वर केले. वाटलं, म्हणून टाकावं, सगळ्यांना वाचवायला लिहिलं. मोठेपणा फुकट मिळत होता. पण म्हणवलं नाही.

तुमच्या पत्रामुळे हो म्हटलं असं समजू नका. तुमचं पत्र वाचून तर नाहीच म्हणायचं पक्कं केलं होतं, इतका राग आला होता. तिथे बसल्यावर दादा आठवला. स्टुलावर बसून कप धुतो म्हणून मी त्याला हसायचो. आळशी म्हणायचो, राजेसाहेब म्हणायचो. तोही हसायचा. तुम्ही तिथेच उभ्या असायच्यात, कप पुसत. एका शब्दाने मला थांबवलं नाहीत. आणि एवढ्या वर्षांनी सांगितलंत ते मला जखम करायला. दादाने मना केलं होतं ते बरोबर होतं. याबद्दल मी तुम्हाला क्षमा करणार नाही.

चिंगीला आठवड्याभरात सोडतील. मला उद्या नेतायत. धाकटीकडे अधूनमधून जा. नको, चिंगीला पाठवा.

दीर


१५ मार्च

भाऊजी,

चिंगी घरी आली. ताप उतरलाय, घसा अजून बसलेला आहे. माझ्याशी धड बोलत नाही. जेवायला ये म्हटलं तर येते, जेवते, उठते. काल एवढंच म्हणाली, “पत्र माझ्या हातात देताना एकदा माझ्या तोंडाकडे बघायचं होतंस.” मी कप पुसत होते.

उद्या ती तुम्हाला भेटायला येतेय. हे पत्र तिच्याच हाती देते. तुरुंगातले आधी वाचतील, वाचू देत. तिने मला विचारलं, काकाला काय आवडतं? मी म्हटलं, मला नाही ठाऊक. एका स्वयंपाकघरात तुम्हाला एवढी वर्षं वाढलं आणि म्हटलं, नाही ठाऊक. नाव घ्यायचं नव्हतं तुमच्या आवडीचं. मग डबा मात्र मीच भरला. काय भरलंय ते उघडल्यावर कळेल.

क्षमा मला नकोय तुमची, आणि माझी तुम्हाला मिळणार नाही. तुम्ही राजेसाहेब म्हणायचात तेव्हा माझ्या मनात यायचं, घालावा हा कप याच्या डोक्यात. ह्यांनी डोळ्यांनी दटावलं म्हणून गप्प राहिले. पण ते तुम्हाला सांगितलं ते सूड म्हणूनच, हे खरं आहे. त्याचा जाब मी ह्यांना देईन, तुम्हाला नाही.

स्मारकाचं काम थंडावलंय. ज्याने ते काढलं तोच आत, म्हणून कुणी त्या फाइलला शिवत नाही म्हणे. भट्टीचं सील अजून आहे. निवडणुकीची तारीख जाहीर करतायत अशी हवा आहे. खरी ठरली तर बघू.

परवा दुकानात वर्तमानपत्र संपलं तेव्हा मी ग्राइंडरशेजारी जाऊन उभी राहिले. मी आजवर तिथे कधी उभी राहिले नव्हते. म्हटलं, चौकशीत भाऊजींनी हो म्हटलं, म्हणून चिंगी सुटली. टाळी एकानेही वाजवली नाही. मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. मग शिंप्याने विचारलं, “आमच्याबद्दल काही म्हणाला का?” खोटं बोलणं सोपं होतं. तुम्हालाही होतं, नाही का? मी सांगितलं, विचारलं होतं त्याला, बाकीच्यांना वाचवायला लिहिलंत का म्हणून, आणि तो नाही म्हणाला.

मला वाटलं, शिंपी आता उठून जाणार. तो म्हणाला, “सुटला की त्याला इथे यायला सांग. माझ्या पोराबद्दल जे लिहिलं ना, त्यावरून मला त्याच्याशी भांडायचंय. तोंडावर भांडायचंय.” मग सगळेच बोलायला लागले, मलाही भांडायचंय, मलाही. इतका गलका झाला की मला ओरडून गप्प करावं लागलं.

मी तुरुंगात भेटायला येणार नाही. तुम्ही सुटलात की या. भांडायला सगळे बसलेत, मी धरून.

वहिनी